धाब्याखालचं द्वारदर्शन

अक्का, तुमच्या द्वारदर्शनाला आलेली माणसं उठेनात.

आपल्याकडची रीत तुम्हाला मी काय सांगायची? माणूस गेला की सोयरेधायरे दारावर येतात, घटकाभर बसतात, दोन शब्द बोलतात आणि 'येतो' न म्हणता उठून जातात. धुळ्याच्या कॉलनीत तर गाडी चालू ठेवून दारावर येणारे लोक मी पाहिलेत. पण सोनगीरला, तुमच्या धाब्याच्या, मातीच्या सपाट छपराच्या घरात जे आले, ते बसले ते बसलेच. बाहेर आपलं खानदेशी ऊन, चप्पल डांबराला चिकटेल असलं. माणसं घाम पुसत आत यायची, चेहरा दुःखी करायची, भिंतीला पाठ टेकायची, आणि जरा वेळानं एकेकाची मान वर जायची. वर आपला सागवानी कडीपाट, जवसाचं तेल पिऊन तुकतुकीत झालेला. शिरपूरच्या एका पाहुण्यांनी शेजारच्याला हळूच विचारलं, "एसी कोठे लायेल शे?"

मला हसू आलं. तुम्हाला जाऊन आठवडाही झाला नव्हता, रडून डोळे सुजलेले होते, आणि मी पदर तोंडाला लावून हसले. बायकांना वाटलं हुंदका आला. एकीनं पाठीवरून हात फिरवला, तर मला जास्तच हसू यायला लागलं आणि मग खरंच रडू आलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "सुनंदा, एक कायतरी कर. हास नाही तं रड."

जावा जावा, उभा दावा म्हणतात. ती म्हण आपण दोघींनी बरीच वर्षं इमानानं पाळली. तुम्ही थोरल्या, मी धाकटी. धुळ्याच्या एका बंगल्यात खाली तुमची चूल, वर माझी. तुमचं म्हणणं, ही जळगावची शिकलेली, हिच्या नाकावर माशी बसत नाही. माझं म्हणणं, या बाईंना माझ्या पोळीची घडीसुद्धा पसंत पडत नाही. शाळेत चित्रकला शिकवून मी घरी यायची आणि तुम्ही मला सांगायच्यात की उंबऱ्यावरची रांगोळी तिरपी आलीय. ते मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही. तुमच्यामागेही करणार नाही. पण तुम्ही गेल्यापासून रोज सकाळी जिन्यात उभी राहून मी खालच्या भांड्यांच्या आवाजाची वाट बघते, हेही सांगून टाकते. मला तुमची फार आठवण येते, अक्का.

गावचं घर आपल्या दोघींच्या मध्ये आलं नसतं तर आपण तशाच राहिलो असतो. सणाला एकत्र आणि एरवी आपापल्या मजल्यावर.

त्या दिवशी जेवताना दादांनी सांगून टाकलं, की सोनगीरचं घर पाडायचं. तुमचे यजमान बोलले की घरात विषय संपायचा, ही सवय सगळ्यांनाच होती. सासूबाई गेल्यापासून घराला कुलूप. हायवे जवळ आलाय. खाली शटरची दुकानं, वर स्लॅब, भाड्यानं द्यायच्या खोल्या. त्यांच्या ठेकेदार मित्रानं नकाशासुद्धा काढला होता. आमच्या ह्यांनी नेहमीप्रमाणे थोरल्या भावाला मान डोलावली. मी म्हटलं बरं झालं, दरवर्षी उंदीर आणि जाळी काढायला जायचं तरी संपलं. आणि तुम्ही वरणाची वाटी खाली ठेवून म्हणालात, "ते घर माले एक वरीस दी द्या. मंग पाडा."

दादा हसले. "एक वर्षात काय करणार तू?"

"बठ्ठासले देखाडसू. आखाजीले बठ्ठ्या लेकी-बहिणी तठे बलावसू. त्यासनी सांगं की पाडा, तं पाडा."

दादा खुशीत होते, त्यामुळे कबूल झाले. पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत घर तुमचं, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी जेसीबी. असं चेष्टेत ठरलं. पण दादा चेष्टेत बोललेलं विसरत नाहीत आणि तुम्हीही विसरत नाही, हे मला ठाऊक होतं. मग माझ्याकडे वळून तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "हाई मना संगे येई. हिले रंगनं समजस." इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून माझ्याबद्दल निघालेलं ते पहिलं चांगलं वाक्य. मी तिथेच फसले.

दादांना ते धाबं का डाचत होतं, हे तुम्हीच मला सांगितलंत. ओट्यावर बसून आपण कळण्याची भाकरी आणि ठेचा खात होतो. मजूर जेवायला गेले होते. तुम्ही म्हणालात, तुझ्या बापामुळे. माझा घास हातातच राहिला. मला बघायला म्हणून आपली माणसं जळगावला आली, तेव्हा माझ्या वडिलांनी सगळ्यांत आधी विचारलं होतं, घर स्लॅबचं की धाब्याचं? मातीच्या छपराखाली लेक द्यायची म्हणजे कमीपणा, असा तो काळ. आजही लग्नाच्या बैठकीत हा प्रश्न येतोच, फक्त आता विचारतात की फ्लॅट आहे का. दादांनी तेव्हा छातीवर हात ठेवून सांगितलं, या उन्हाळ्यात स्लॅब पडतोय. स्लॅब टाकण्याची ऐपत कुठे होती? म्हणून त्यांनी गवंडी बोलावून धाब्याच्या मातीवर सिमेंटचा थर ओतून घेतला. वरून बघणाऱ्याला स्लॅब वाटावा असा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

"आणि तुमच्या वेळी?" मी विचारलं. "तुमच्या वडिलांनी नाही विचारलं?"

"मना बापनं घर बी धाबानंच व्हतं," तुम्ही म्हणालात. "तो काय इचारी?" आणि आपण दोघी इतक्या हसलो की समोरच्या घरातून बाई डोकावली.

तोच सिमेंटचा थर सगळ्याच्या मुळाशी होता, हे धाबं उकरायला घेतल्यावर कळलं. दरवर्षी पावसाच्या आधी धाब्यावर खारी माती टाकायची, ती पाणी धरून बसते आणि खाली गळू देत नाही, ऊन पडलं की पुन्हा वाळते. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत. पण वरून सिमेंट ओतल्यावर खारी टाकायची कोणाला गरज वाटेल? सिमेंटला बारीक तडे गेले, तड्यांतून पाणी आत शिरलं आणि मग त्याला बाहेर पडायला वाटच राहिली नाही. सगळी वर्षं ती माती आतल्या आत ओली राहिली. मजुरांनी थर फोडला तेव्हा असा कुबट वास आला की तुम्ही पदर नाकाला लावलात. खालचा एक सर, चांगली जाडजूड तुळई, पार भुसभुशीत झालेला.

नेमके तेव्हाच दादा आले. त्यांनी वर चढून पाहिलं, खाली उतरून हात झटकले. "सडलंय सगळं. मी म्हणत नव्हतो?"

तुम्ही त्यांना माजघरात घेऊन गेलात. तिथपर्यंत सिमेंट पोचलं नव्हतं. बाजारात डांगर-भोपळा घेताना वाजवून बघावं तसं तुम्ही काठीनं एकेक सर वाजवत चाललात. टण, टण, टण. "मातीखालना दखा, कसा खणखणीत शेतस," तुम्ही म्हणालात. "सडनं ते सिमेंटखाल." दादांचा चेहरा उतरला. ते गाडीत जाऊन बसले. घर म्हातारं झालेलं नाही, आपण केलंय, हे त्यांना तुम्ही तोंडानं म्हणाला नाहीत. माझ्याच्यानं राहवलं नसतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या बाईकडून काहीतरी शिकण्यासारखं आहे. तसं तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही डोक्यावर चढून बसला असतात.

शिकण्यासारखं म्हणतेय, पण सगळं काही शिकण्यासारखं नव्हतं हं. मोठ्या दाराची गोष्ट मी लोकांना सांगितल्याशिवाय राहणार नाही. सागाचं जाडजूड दार, चौकटीवर वेलबुट्टी कोरलेली, पण ऑइलपेंटची इतकी पुटं की वेल म्हणजे नुसती सूज दिसायची. सुताराला बोलावू म्हटलं तर तुम्ही म्हणालात, कशाला, घरी साबण करतो तो कॉस्टिक सोडा आहे ना, त्यानं लोखंडाचा रंगसुद्धा निघतो. रंग निघाला, अक्का. रंगाबरोबर आपल्या बोटांची सालं निघाली, आणि वाळल्यावर ते सोन्यासारखं लाकूड तव्याच्या बुडासारखं काळं झालं. आपण दोघी दारासमोर मांडी घालून बसलो. तुमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तुम्हाला रडताना मी सासूबाईंच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं.

तेव्हा चिंचेची कल्पना निघाली. तांब्याचं भांडं काळं पडलं तर चिंचेनं निघतं, मग लाकूड का निघू नये? गावातल्या ज्या ज्या घरात चिंच होती ती गोळा केली, कोळ करून दाराला फासली, धुतली, पुन्हा फासली. काळं हटलं. सगळं नाही हटलं, पण हटलं. नंतर कोणी विचारलं की तुम्ही सांगायच्यात, "माले सुचनं." अक्का, आता तुम्ही मध्ये बोलू शकत नाही, म्हणून लिहून ठेवते. चिंचेची कल्पना माझी होती.

बाकीचं सगळं मग काचेच्या तुकड्यांनी खरवडलं. फुटक्या काचेची धार लाकडावरून हलक्या हातानं ओढायची, की रंगाची साल कांद्याच्या सालीसारखी निघते. हे सुतारानं दाखवलं आणि आपल्याला त्याचं व्यसनच लागलं. एसटीनं सकाळी सोनगीरला उतरायचं, किल्ल्याकडे तोंड करून चहा घ्यायचा आणि खांब खरवडत बसायचं. धुळ्यातल्या बायका म्हणायच्या, या दोघींना झालंय काय? जावा आणि एका डब्यात जेवतात!

आणि भांडणं. देवा रे, काय काय भांडलो. मी मोबाइलवर बघून सांगितलं, की जुन्या घागरी टांगून त्यात दिवे सोडू, भिंतीवर पाभर आणि नांगर लावू, रिसॉर्टमध्ये लावतात तसे. तुम्ही म्हणालात, "आपलं घर हाटेल शे का? नांगर भितडाले टांगीसन काय भितडं नांगरशी?" मी रागानं दोन दिवस आले नाही. तिसऱ्या दिवशी आले तर माजघराची भिंत तुम्ही पांढऱ्या मातीनं सारवून घेतली होती आणि खाली गेरूचा पट्टा मोकळा ठेवला होता, माझ्यासाठी. त्यावर मी चुन्याचे ठिपके काढले. तुम्ही लांब उभं राहून बघितलंत. "तिरपं शे," म्हणालात. आणि ते खरंच तिरपं होतं.

पण आपलं खरं भांडण रंगाचं. माजघराचं दार आपण अर्धं खरवडलं आणि मी हात आखडता घेतला. काचेच्या धारेखाली एकेक रंग निघत होता. वरचा चॉकलेटी, त्याखाली आकाशी, मग गुलाबी, मग हिरवा. आपल्याकडे घरात लग्न निघालं की दारांना नवा रंग लागतो, म्हणजे ही सगळी घरातली लग्नं होती, एकावर एक. मी म्हटलं, हे अर्धं दार असंच राहू द्या. तुम्ही म्हणालात, लाकडानं लाकडासारखं दिसायला हवं, हे खरूज झाल्यासारखं कशाला? मी म्हटलं, लाकूड झाडाचं आहे, रंग आपल्या माणसांचा आहे. तुम्ही म्हणालात, मास्तरीण बोलायला लागली. शेवटी तुम्ही म्हणालात, आखाजीनंतर बघू. आखाजीच्या आधी दारावरून भांडण्यात मी वेळ घालवला नाही. घर राहिलं तर दार राहणार होतं. घरच गेलं तर काय रंग आणि काय लाकूड.

आखाजी तोंडावर आली होती. फोन झाले होते. नशिराबादच्या आत्या येणार होत्या, दादांच्या सगळ्या बहिणी येणार होत्या. खापरावरच्या पुरणाच्या मांड्यांसाठी तुम्ही बाई सांगून ठेवली होती. तुमची लेक वर्षा पुण्याहून रजा टाकून येणार होती. झोका कुठल्या सराला बांधायचा यावरसुद्धा आपला वाद झाला होता, आणि त्या वादात तुम्ही बरोबर होतात.

आणि तुम्ही गेलात. भर दुपारी, छातीत कळ आली म्हणून पाणी मागितलंत आणि पाणी येईपर्यंत गेलात. त्याबद्दल मी लिहिणार नाही. मला तुमचा खूप राग आला होता, एवढंच सांगते. इतकं सगळं मांडून ठेवायचं आणि जेवायला बसायच्या वेळी उठून जायचं? अशी कोणती घाई होती?

तुम्हाला पोचवून आल्यावर दादा म्हणाले, द्वारदर्शन इथेच, बंगल्यावर. लोकांना धुळं सोयीचं. मंडप टाकू, कूलर लावू. कोणी काही बोलणार नव्हतंच. आणि मी बोलले, अक्का. लग्न होऊन आल्यापासून दादांसमोर मी पहिल्यांदा आवाज चढवला.

"लोक कोणाच्या दारावर येणार आहेत दादा? अक्कांच्या ना? अक्कांचं दार सोनगीरला आहे. बोटं जाळून घेतलीत त्यांनी त्या दारापायी."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. तेव्हा आमचे हे, ज्यांनी थोरल्या भावापुढे कधी 'पण' म्हटलं नाही, ते खाली बघत म्हणाले, "दादा, ती म्हणते ते बरोबर आहे." दादांमध्ये भांडायचं बळ राहिलं नव्हतं. "करा तुम्हाला करायचं ते," मान हलवून म्हणाले. तुम्हाला घर दिलं तेव्हाही त्यांनी मान अशीच हलवली होती, फक्त तेव्हा ते हसत होते.

तर अशी माणसं सोनगीरला आली. तुम्ही आखाजीला बोलावली होती तेवढी सगळी, आणि न बोलावलेली त्याच्या दुप्पट. दादा पांढरी टोपी घालून ओट्यावर बसले. आत जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाचं बोलणं त्यांच्या अंगावरून जात होतं. आधी लोक तुमच्याबद्दल बोलायचे. कशी कष्टाची होती, कशी हसरी होती. हसरी? लोक काय वाट्टेल ते बोलतात. मग घराबद्दल सुरू व्हायचं. हा सर कुठून आणला? हे दार नवीन का? नाही? मग एवढं स्वच्छ कसं? वर खरंच माती आहे? मी आत बायकांत बसून उत्तरं देत होते. दुखवट्याला बसले होते की घर दाखवायला, मलाच कळेना. तुम्हाला हेच हवं होतं, म्हणून मी सांगत राहिले. चिंचेपाशी आले की माझा आवाज आपोआप वाढायचा.

नशिराबादच्या आत्यांना दोघांनी धरून आत आणलं. या घरातून सासरी गेलेल्या लेकींमध्ये आता त्याच सगळ्यांत थोरल्या. त्या तुमच्यासाठी रडल्या, पाणी प्यायल्या, आणि मग माजघराच्या अर्धवट दारापाशी जाऊन थांबल्या. चष्मा वर करून, दाराला नाक लागेल इतक्या जवळून बघत राहिल्या. हिरव्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"मना लगीनना रंग शे हाऊ!" त्या ओरडल्याच. "मना बापनी धुळाथाईन डबा आना व्हता. मना हातले बी लागना व्हता, हळदना हातले!"

मग काय विचारता! दादांच्या बहिणी उठल्या. गुलाबी कोणाचा, आकाशी कोणाचा, याची चढाओढ लागली. "आकाशी माझा, माझ्या लग्नात मांडवही आकाशी होता," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "जा गं, तुझ्या लग्नात नुसता चुना मारला होता." दुखवट्याच्या घरात म्हाताऱ्या बायका दाराशी रेटारेटी करत होत्या. तुमची वर्षा त्यांचे फोटो काढत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. अक्का, घराचं भांडण तुम्ही जिंकत होतात, पण दाराचं मी जिंकले. ते दार आता अर्धंच राहील. तुम्ही तिकडे काय म्हणायचं ते म्हणा.

ठेकेदारही आला होता. शटरवाला. तो दादांशेजारी ओट्यावर बसला, मग ऊन चढलं तसा आत सरकला, मग आणखी आत. दुपारी बघते तर माजघराच्या भिंतीशी उशाला हात घेऊन घोरतोय! उठला तेव्हा ओशाळला. भिंतीवर तळवा ठेवून म्हणाला, "वहिनी, एवढी घरं बांधली मी, पण दुपारची अशी झोप मला माझ्या घरातसुद्धा लागत नाही." मी म्हटलं, मग पाडाल केव्हा? तो चप्पल शोधायला लागला.

पण ठेकेदाराच्या हातात काय होतं? निर्णय दादांचा. आणि दादा दिवसभर ओट्यावर बसून सगळं ऐकायचे आणि संध्याकाळी टोपी काढून जेवायला बसायचे. आखाजी सुतकातच येऊन गेली, तरी जेसीबीचं नाव त्यांनी काढलं नाही, घर राहील असंही म्हटलं नाही. ह्यांनी एकदा विचारायचा प्रयत्न केला, तर म्हणाले, "गंधमुक्ती होऊ दे." त्या एका वाक्यावर मी सुतक फिटेपर्यंतचे सगळे दिवस काढले. रोज वाटायचं की तुमचं घर कौतुक होऊन होऊन शेवटी पडणार. लोकांचं काय, ते बरं म्हणतात आणि आपापल्या गावी जातात.

एवढं मात्र मी पाहिलं. तुम्ही गेल्यापासून दादांना झोप नव्हती. बंगल्यावर रात्रभर येरझाऱ्या घालायचे. सोनगीरला एका दुपारी ते आत आले, तुम्ही सारवलेल्या भिंतीशेजारी सतरंजीवर आडवे झाले आणि वर सरांकडे बघता बघता झोपले. तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे. बायकांनी आपोआप आवाज खाली आणले. मी दाराशी बसून त्यांच्या अंगावरच्या माशा वारल्या. तुमच्या नवऱ्याला वारा घालायची वेळ माझ्यावर आणलीत, हेही तुमच्या खात्यावर मांडून ठेवते.

गंधमुक्तीच्या दिवशी सगळी भावकी जमली. ओटा भरला, गल्ली भरली. आपल्याकडे दोन शब्द बोलायला जे उभे राहतात ते सगळे उभे राहिले. कोणी तुम्हाला माउली केलं, कोणी आदर्श गृहिणी. तुमचं नाव एकानं चुकीचं घेतलं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते आणि माझं कोणाकडे लक्ष नव्हतं. मी दादांकडे बघत होते.

सगळं झाल्यावर दादा उठले. घरचं माणूस अशा वेळी बोलत नाही, म्हणून लोक जरा चमकले. दादांना भाषण येत नाही, तुम्हाला माहीत आहे. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसे ते बोलायला लागले. आधी शुद्ध मराठीत, सगळ्यांचे आभार वगैरे. मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि आपल्या बोलीत उतरले.

"ती व्हती तवय मी तिले कवय सांगं नही," ते म्हणाले. "आते बठ्ठास्ना म्होरे सांगस. घर भारी कयं तिनी. या धाबानी माले लाज वाटे. लाज वाटे म्हनीसन मीच त्यावर सिमेंट वतं, आनि मीच ते सडाडं. तिनी ते नीट कयं आनि माले एक सबद बोलनी नही." ठेकेदाराकडे बघून त्यांनी नुसता हात हलवला, नको म्हणून. "हाई घर पाडानं नही. तिनं घर शे हाई. मी हारनू."

सत्तरी ओलांडलेला माणूस, सगळ्या भावकीत ज्याचा शब्द शेवटचा, तो टोपी हातात घेऊन उभा होता आणि आपण हरलो म्हणून सांगत होता. आणि अक्का, शपथेवर सांगते, इतका मोठा तो मला कधीच दिसला नव्हता.

गंधमुक्तीला टाळ्या वाजवत नाहीत. तेवढी रीत मलाही कळते. तरी टाळ्या वाजल्या, पार गल्लीच्या टोकापर्यंत वाजल्या.

पहिली टाळी माझी होती.